चोर बीटी ओळखता, तशी चोर विंडोजही ओळखा

चोर बीटी म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पाकिटावर नाव असते ते खरे असेलच असे नाही, भाव ठरतो ओळखीवर, आणि बिल मागितले की देणारा आभाळाकडे पाहतो. उगवले तर नशीब तुमचे. न उगवले तर तालुका तक्रार निवारण समितीपुढे जायला हातात कागद नाही. हे सारे ठाऊक असूनही ते बियाणे किती वावरांत गेले, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

आजचा विषय अशाच एका बियाण्याचा आहे. फरक एवढाच की हे तुमच्या वावरात नाही. तुमच्या सातबाराचा, आधारचा, पीक विम्याचा अर्ज ज्या संगणकावर भरला जातो, त्या संगणकात ते पेरलेले असते. त्याला चोर विंडोज म्हणू या.

मागच्या हंगामात एका गावच्या सेवा केंद्रात बसलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. लिहायचे कारणही नाही, कारण असे केंद्र कोणत्याही तालुक्यात सापडेल. शेतकरी ओळख क्रमांकासाठी रांग लागलेली, आणि संगणक दर दहा मिनिटांनी अडून बसलेला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरे दिसत होती: ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. चालक पोराला विचारले, हे काय आहे? तो हसला. म्हणाला, “ओरिजिनल नाई जी. दुकानवाल्यानं टाकून देल्ली. चालते तशीच. मंग दहा हजार खर्च कायले करू?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

जिनिंगवरचा दिवाणजी

संगणक म्हणजे नुसता डबा. त्याला चालवणारी जी मूळ प्रणाली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. जिनिंगवर दिवाणजी असतो, त्याचे काम आठवा. फाटकातून गाडी आत घ्यायची की नाही, काट्यावर कोणता नंबर लागायचा, सरकी कुठे, गाठी कुठे, किल्ल्या कुणाकडे, वहीत काय लिहायचे, सारे त्याच्या हाताखालून जाते. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. तुम्ही टाइप केलेले प्रत्येक अक्षर, अंगठा लावल्यावर यंत्राकडून येणारी माहिती, बँकेचा ओटीपी, ग्रामपंचायतीचा पासवर्ड, यातले काहीही तिला टाळून जाऊ शकत नाही. आपल्याकडे बहुतेक संगणकांत हे काम मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज करते.

आता विचार करा. दिवाणजी बाहेरच्या माणसाला मिंधा झाला, तर फाटकाला कितीही मोठे कुलूप लावून काय उपयोग?

ही प्रणाली विकत घ्यायची म्हणजे खरे तर ती वापरण्याचा परवाना घ्यायचा. त्यालाच लायसन्स म्हणतात. घरगुती विंडोजचा सुटा परवाना दहा हजारांच्या आसपास जातो. परवाना न घेता केलेली किंवा किल्ली मोडून चालवलेली प्रत म्हणजे चोरटी प्रत, इंग्रजीत पायरेटेड. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांची बीएसए नावाची संघटना आहे. तिच्या पाहणीप्रमाणे भारतातल्या संगणकांवर बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी २०११ साली ६३ टक्के आणि २०१७ साली ५६ टक्के बिनपरवान्याचे होते. ही विकणाऱ्यांचीच मोजणी आहे, त्यामुळे ती थोडी हात राखून घ्यावी. पण निम्म्याच्या आसपास म्हटले, तरी आपल्या डोळ्यांना दिसते त्याच्याशी ते जुळते.

सीडीच्या पाकिटावर स्केचपेनने लिहिलेली किल्ली

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या जिल्ह्यात संगणक येऊ लागले, ते बहुतेक ‘असेंबल’ केलेले. नागपूर-अमरावतीहून सुटे भाग यायचे, दुकानात जोडले जायचे, आणि शेवटी दुकानदार खिशातून एक सीडी काढून विंडोज ९८ टाकून द्यायचा. सीडीच्या पाकिटावर स्केचपेनने पंचवीस अक्षरांची किल्ली लिहिलेली. तीच सीडी आणि तीच किल्ली सगळ्या गावाला चालायची. त्यात चोरी आहे असे देणाऱ्याला वाटत नव्हते, घेणाऱ्यालाही नाही. तीस-पस्तीस हजारांच्या वस्तूबरोबर विंडोज म्हणजे भाजीवाल्याकडची कोथिंबीर.

आम्ही छापखान्यातली माणसे याबाबत सोवळी होतो, असे मुळीच नाही. मी ज्या ज्या ठिकाणी काम केले, त्यातल्या एका ठिकाणी मराठी अक्षरांचे फाँट कुठून आले होते हे विचारायची पद्धत नव्हती. मराठी टंकाच्या कंपन्यांना हा ताप चांगलाच माहीत होता. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची ‘श्री-लिपी’ ज्यांनी वापरली, त्यांना संगणकाच्या मागे खोचायचे ते छोटे ‘लॉक’ आठवत असेल. ते लावल्याशिवाय प्रणाली चालायची नाही. शे-दोनशे ग्राहक कमी झाले, तर अमेरिकेतल्या कंपनीला कळतही नाही. पुण्यातल्या कंपनीच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो.

आणि अमेरिकेतल्या कंपनीचे म्हणाल, तर तिची भूमिका मोठी गमतीची आहे. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी १९७६ च्या फेब्रुवारीत हौशी संगणकवाल्यांना एक उघडे पत्र लिहिले. कंपनी तेव्हा जेमतेम वर्षभराची होती. तुमच्यापैकी बहुतेक जण आमचे काम चोरून वापरता, मग चांगले काम करायचे कुणी, असा त्याचा सूर होता. तेच गेट्स १९९८ साली चीनबद्दल बोलताना म्हणाले की लोक चोरणारच असतील तर आमचेच चोरावे. सवय लागली की पुढे पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही कधीतरी शोधून काढू. आधी फुकट चाखायला द्या, तलफ लागली की मग पैसे मागा, हा धंदा आपल्याकडेही अनोळखी नाही. म्हणून चोरट्या विंडोजचा सारा दोष गावातल्या दुकानदारावर टाकायला माझे मन धजत नाही.

वसुली सुरू झाली ती २००१ मध्ये, विंडोज एक्सपीपासून. आता नुसती किल्ली टाकून भागेना. संगणकाने कंपनीकडे नोंद करायची, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशन करायचे, असा नियम आला. पण मोठ्या कंपन्यांना दर संगणकामागे हा व्याप नको म्हणून दिलेली एक किल्ली एक्सपी दुकानात येण्याच्या आधीच फुटली आणि जगभर पसरली. तिथून हा पाठशिवणीचा खेळ सुरू झाला. कंपनीने कुलूप बदलायचे, कुणीतरी ते मोडायचे. २००८ च्या ऑक्टोबरात कंपनीने अशी युक्ती केली की चोरट्या एक्सपीचा पडदा तासातासाला काळा व्हायचा. विंडोज ७ मध्येही तोच काळा पडदा आणि ‘ही प्रत अस्सल नाही’ ही ओळ. अनेक कचेऱ्यांत तो काळा पडदा वर्षानुवर्षे होता. नवा माणूस समजायचा की साहेबांना काळा रंग आवडतो.

कुलूप मोडताना नेमके काय होते

आता मूळ मुद्दा. पुष्कळांना वाटते, चोरटी प्रत म्हणजे फक्त पैसे न दिलेली प्रत; बाकी माल तोच. १९९८ पर्यंत ते बरेचसे खरे होते. २००१ सालचे गुजरातेतले बियाणे आठवा. ‘नवभारत १५१’ नावाचे वाण तिकडे परवानगी नसताना पेरले गेले होते, आणि त्यात बीटी होते हे कळले ते बोंडअळी त्याला लागेना तेव्हा. देशात बीटी कापसाला अधिकृत परवानगी मिळाली ती पुढच्या वर्षी, २००२ च्या मार्चमध्ये. म्हणजे चोरीचा माल चालत नाही असे नाही. चालतो. म्हणून तर तो खपतो.

पण एक्सपीनंतर चोरटी विंडोज म्हणजे नुसती नक्कल राहिली नाही. कुलूप मोडण्यासाठी प्रणालीच्या आतल्या फाइली बदलाव्या लागू लागल्या. हे मोडतोड करणारे छोटे प्रोग्राम ‘क्रॅक’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ नावाने फिरतात. ते चालवताना दुकानातला पोरगा पहिले काम काय करतो, कधी पाहिले आहे? अँटिव्हायरस बंद करतो. कारण तो सुरू असला तर क्रॅकला पकडतो. दुसरे काम, विंडोजचे अपडेट बंद करतो. कारण अपडेटमधून कंपनीने नवा तपासनीस पाठवला तर पडदा पुन्हा काळा. विंडोज ७ च्या वेळी, २०१० साली, असा तपासनीस खरोखरच आला होता. तेव्हापासून ‘अपडेट म्हणजे भानगड’ ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की झाली की अस्सल विंडोज असणाऱ्यांनीही ती बंद करून टाकली.

खरे नुकसान इथे आहे. अपडेट म्हणजे काय? विंडोजमध्ये कोट्यवधी ओळींचा मजकूर आहे. त्यात भोके राहतातच. धुऱ्याला उंदराने बीळ पाडावे तशी. भोक सापडले की कंपनी बुजवण्याचे सामान पाठवते. आणि ते भोक कुठे होते हे त्याच दिवशी साऱ्या जगातल्या चोरांनाही कळते. ज्याने बुजवले तो सुटला. ज्याने अपडेट बंद ठेवले, त्याच्या घराचे भोक तर राहिलेच, वर त्याचा पत्ताही जाहीर झाला. यातला दुर्दैवाचा भाग असा की सुरक्षेचे महत्त्वाचे अपडेट कंपनीने त्या काळात चोरट्या प्रतींनाही नाकारले नव्हते. आपणच भीतीपोटी दार लावून घेतले.

बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे बिगर-बीटीचे छोटे पाकीट यायचे ना? वावराच्या कडेने लावा म्हणून सांगितले होते. किती जणांनी लावले? बहुतेकांनी फेकले. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानले नाही आणि २०१७ साली आपल्या जिल्ह्यात बोंडे किडकी निघाली. ज्या थोड्यांनी ते पाकीट लावले होते, त्यांचीही. अपडेटचे असेच आहे. एकाचा उघडा संगणक शेजाऱ्याच्या बंद संगणकाला घोर लावतो.

तीन किडी

पहिली कीड २००८ च्या नोव्हेंबरात आली, नाव कॉन्फिकर. तिचे भोक बुजवायचे सामान कंपनीने महिनाभर आधीच दिले होते. तरी ती लाखो संगणकांत शिरली आणि पेनड्राइव्हमधून फिरू लागली. आपल्याकडे तर पेनड्राइव्ह हीच एसटी. झेरॉक्सच्या दुकानातून ग्रामपंचायतीत, तिथून पंचायत समितीत, तिथून परत. पुढच्या काळात पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे ‘शॉर्टकट’ होऊन बसणारा व्हायरस तुम्ही नक्की पाहिला असेल. मार्चअखेरीचा अहवाल त्यात अडकल्याचे किस्से प्रत्येक ग्रामसेवकाकडे आहेत.

दुसरी, वॉनाक्राय. शुक्रवार, १२ मे २०१७. हिचेही भोक मार्चमध्येच बुजवता येत होते. ही कीड फाइली खात नसे. त्यांना कुलूप घालून किल्लीचे ३०० डॉलर मागत असे. तेव्हाच्या भावाने साधारण एकोणीस हजार रुपये. दीडशेवर देशांत दोन लाखांपेक्षा जास्त संगणक अडकले, इंग्लंडातली सरकारी रुग्णालये अडकली, आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणक अडकले. आणि केरळात, सरपंच मंडळींनो हे लक्ष देऊन वाचा, वायनाड जिल्ह्यातल्या तरियोड ग्रामपंचायतीचे संगणक अडकले. लंडनच्या रुग्णालयाला जो धमकीचा लाल पडदा दिसला, तोच वायनाडच्या पंचायतीच्या कारकुनाला. ते संगणक चोरटे होते असे मी म्हणत नाही. अडकलेले कितीतरी संगणक रीतसर परवान्याचे होते. त्यांच्यावर ते अपडेट बसलेले नव्हते, इतकेच. पण ज्यांच्यावर चोरटी प्रत असते, त्यांच्या अंगी अपडेट न करण्याची सवय आधीच मुरलेली असते.

त्याच उन्हाळ्यानंतर आपल्याकडे काय झाले आठवा. जूनमध्ये कर्जमाफी जाहीर झाली आणि अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले. जुलै ते सप्टेंबर नवरा-बायको दोघांनी अंगठे लावायला रात्री-अपरात्री केंद्रावर बसायचे, सर्व्हर बंद, मुदतवाढ, पुन्हा रांग. दीड लाखाची माफी एका पडद्यावर टांगलेली होती. त्या दिवसांत तो लाल पडदा आपल्या एखाद्या केंद्रावर उमटला असता, तर चालकाने कुणाकुणाला काय सांगितले असते?

तिसरी कीड आजची आहे आणि ती गुपचूप राहते. हल्लीचे अ‍ॅक्टिव्हेटर ‘केएमएस’ नावाची युक्ती वापरतात. मोठ्या संस्थेत शंभर संगणक असतात. त्यांची नोंद संस्थेच्याच एका संगणकाकडून होते आणि ती १८० दिवस टिकते, मग पुन्हा करायची. चोरटा अ‍ॅक्टिव्हेटर तुमच्याच संगणकात असा खोटा नोंदणीवाला बसवतो. दर १८० दिवसांनी नोंद ताजी करायला तो कायम जागा राहावा लागतो, आणि त्याला विंडोजच्या आतले सर्व अधिकार द्यावे लागतात. म्हणजे जिनिंगच्या फाटकात अनोळखी माणूस कायमचा बसवला, किल्ल्यांसकट. तो एवढेच काम करून गप्प बसला तर ठीक. पण हाच अ‍ॅक्टिव्हेटर ‘केएमएसपिको’ या नावाने फिरतो तेव्हा त्याच्या सोबतीने पासवर्ड चोरणारे प्रोग्राम दिलेले सापडले आहेत. २०२१ च्या अखेरीस सुरक्षा तपासणाऱ्यांनी असे एक प्रकरण उघड केले होते. असा चोर पडदा काळा करत नाही, पैसे मागत नाही. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड उचलतो आणि पाठवून देतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पासवर्ड गेल्याने काय होते, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २०२५ च्या अखेरीस आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर जन्म-मृत्यू नोंदणीच्या पोर्टलवर सत्तावीस हजारांवर जन्मनोंदी सापडल्या. गाव जेमतेम दीड हजार वस्तीचे. एवढे पाळणे साऱ्या तालुक्यात हलले नसतील! त्याची चौकशी पोलिसांकडे गेली. त्यामागे चोरटी विंडोज होती असा माझा दावा नाही. तसा काही पुरावा माझ्यासमोर नाही. पण एका छोट्या ग्रामपंचायतीच्या नावाची आणि पासवर्डची बाजारात काय किंमत आहे, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. तो पासवर्ड ज्या संगणकावर टाइप होतो, त्याच्या फाटकात कोण बसले आहे हे पाहायला नको का?

ज्यांना आपण अजून तलाठीभाऊच म्हणतो, त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी तर हे फारच मनावर घ्यावे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपयांत घरबसल्या उतारा मिळू लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यामागे तुमच्या सहीचे टोकन आहे, आणि ते संगणकात खोचताना कळफलकावर पिन टाकावी लागते.

मग करायचे काय

आधी आपला संगणक तपासा. सेटिंग्जमध्ये जा, सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन. तिथे डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचे लिहिले असेल तर बहुधा ठीक. ‘युवर ऑर्गनायझेशन’च्या, म्हणजे तुमच्या संस्थेच्या सेवेने अ‍ॅक्टिव्हेट झाले असे लिहिले असेल, आणि तुमची संस्था म्हणजे तुम्ही आणि तुमचा मेहुणा एवढीच असेल, तर समजून घ्या की आत खोटा नोंदणीवाला आहे. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या किल्ल्यांच्या नादी लागू नका. त्यातल्या पुष्कळशा कुठल्यातरी कंपनीच्या फुटलेल्या किल्ल्या असतात आणि पुढे बंद पडू शकतात.

नवा संगणक घेताना बिलावर ‘विंडोज परवान्यासह’ असे लिहून घ्या. नामांकित कंपनीच्या तयार लॅपटॉपमध्ये परवाना बहुतेक वेळा किमतीतच असतो आणि किल्ली यंत्राच्या आतच कोरलेली असते. अशा यंत्रावरची अस्सल विंडोज पुसून दुकानदार ‘फास्ट चालेल’ म्हणून चोरटी टाकून देतो, असेही पाहिले आहे. त्याला हात जोडून नाही म्हणा. ग्रामपंचायतीने खरेदी करताना अंदाजपत्रकात परवान्याची वेगळी ओळ धरावी. नुसते ‘संगणक एक नग’ लिहिले की सर्वांत कमी दराचा ठेकेदार कुठे काटछाट करणार, ते उघड आहे.

कायदाही माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३-ब हे कलम आहे. संगणक प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकते, दंड पन्नास हजारांपर्यंत. विकणाऱ्याला किंवा टाकून देणाऱ्याला ६३ व्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षे. सेवा केंद्र हा धंदाच आहे, हे चालक मंडळींनी ध्यानात घ्यावे. गावच्या केंद्रावर उद्या पोलीस येतील असे सांगून घाबरवायचे नाही, तसे सहसा होतही नाही. पण काही घोटाळा झाला आणि संगणक जप्त झाला, तर पहिला प्रश्न हाच निघतो.

नुसता अँटिव्हायरस टाकून भागते का? पुण्याची क्विक हील तुम्हाला माहीत असेल. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळले, आणि धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात व्हायरस काढण्याचा प्रोग्राम लिहिला. त्यातून ही कंपनी उभी राहिली. मराठी माणसाचे हे काम अभिमानाचे आहे. पण अँटिव्हायरस हा चौकीदार. दिवाणजीच फुटलेला असेल तर चौकीदार किती पुरा पडणार? आणि कमाल म्हणजे त्या चौकीदाराचीही क्रॅक केलेली प्रत टाकणारे आहेत!

ज्यांना परवाना परवडत नाही त्यांना फुकट आणि अस्सल असा एक मार्ग आहे, लिनक्स. ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. नक्कल करून वाटायची तिला उघड परवानगी आहे. आपल्या सरकारी सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स २००७ मध्ये आणली. केरळातल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर चालतात, आणि पोरे काही अडत नाहीत. घरी पोरांच्या अभ्यासाला, पत्रव्यवहाराला, हिशेबाला लिनक्स छान. सेवा केंद्राला मात्र आधी चौकशी करून घ्यावी लागेल, कारण अंगठ्याची यंत्रे आणि सहीची टोकने बरेचदा विंडोज गृहीत धरून बनवलेली असतात. सरकारची कितीतरी संकेतस्थळे पूर्वी विंडोजमधल्या एकाच जुन्या ब्राउझरवर चालायची, हे चालकांना आठवत असेल. इथे माझी सरकारकडे तक्रार आहे. सगळे अर्ज ऑनलाइन केले; आता तर कापूस विकायलाही सीसीआयने २०२५ पासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लावली. त्याला ना नाही. पण ज्या पोराच्या हाती एका अर्जामागे थोडे रुपये पडतात, त्याने संगणक, प्रिंटर, इन्व्हर्टर आणि वर दहा हजारांचा परवाना पदरमोड करून घ्यावा, आणि त्याच्या यंत्रावर साऱ्या गावाचे आधार क्रमांक सुरक्षित राहावेत, ही अपेक्षा भाबडी आहे. केंद्राची मंजुरी देतानाच विंडोजचा परवाना किंवा लिनक्सवर चालणारी यंत्रे द्यावीत. जिल्हा परिषदेला हे फार जड नाही.

एक गोष्ट तातडीची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. म्हणजे अस्सल परवाना असला, तरी विंडोज १० चे भोक आता आपोआप बुजत नाही. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची वाढीव मुदत ठेवली आहे. चोरट्या प्रतीला त्यात जागा नाही. विंडोज ११ अस्सल विंडोज १० वाल्यांना फुकट मिळते, पण जुन्या यंत्रांवर ती चढत नाही. तिला सुरक्षेची एक ठरावीक चिप लागते. आपल्या पंचायतींतले बरेच डबे त्यात बसणार नाहीत. अशा डब्यावर बँकेचे आणि पोर्टलचे काम करू नका. त्यावर लिनक्स टाकून शाळेला द्या, किंवा नेटची वायर काढून नुसते टायपिंगला ठेवा.

त्या केंद्रातल्या पोराला मी हे सारे सांगितले, तेव्हा त्याने मान हलवली आणि म्हणाला, “तुमचं बरोबर हाय जी, पण दिवायीपर्यंत थांबा. कापसाचे पैसे आले की घेतो.” तोवर निदान पासवर्ड बदल, ब्राउझरमध्ये जपून ठेवू नको, आणि गावाच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर काढून ती कपाटात ठेव, वायरीला लावून नको, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले. आणि पैशांचा घोटाळा झालाच तर लाजत बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा फोन नंबर आहे, जितक्या लवकर लावाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. तो नंबर त्याने तिथल्या तिथे स्केचपेनने भिंतीवर लिहिला, सातबाराच्या दरपत्रकाच्या शेजारी.